खिडक्यांच्या लाकडी चौकटींची रंगरंगोटी घरच्या घरी

यवतमाळ जिल्ह्यात अनेक जुन्या घरांना सागाच्या चौकटी आहेत. साग टिकाऊ असला तरी पावसाचे पाणी व उन्हाळ्यातील कडक ऊन यांमुळे रंग सुटतो, भेगा पडतात व पल्ले फुगतात. पाऊस संपून लाकूड वाळल्यावर, कार्तिक ते फाल्गुन या काळात हे काम करावे. उन्हाने तापलेल्या लाकडावर रंग दिल्यास फोड येतात. म्हणून पश्चिमेच्या खिडक्या सकाळी व पूर्वेच्या दुपारनंतर रंगवाव्यात.

पूर्वतयारी : प्रथम चौकट ठोकून पाहावी. पोकळ आवाज आल्यास वाळवीचा बंदोबस्त करून खराब भाग बदलावा. नुसत्या रंगाने उपयोग होत नाही. सुटलेला रंग पत्र्याने खरवडावा व लाकडाच्या रेषेच्या दिशेने पॉलिशपेपरने घासावे.

जुन्या रंगात शिसे असू शकते. ते लहान मुलांच्या मेंदूला घातक असते व जनावरांनाही विषबाधा करते. असा रंग जाळू नये, कोरडा घासू नये. पाण्याने ओला करून वॉटरपेपरने घासावा. खाली कागद अंथरावा, मुलांना दूर ठेवावे. खरवड पिशवीत बांधून गोठा, विहीर व उकिरड्यापासून दूर ठेवावी. नवीन घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. डब्यावरील मजकूर वाचूनच रंग घ्यावा.

रंगकाम : लाकूड पूर्ण वाळू द्यावे. सागात तेलाचा अंश असतो, म्हणून उघडे लाकूड थिनरच्या फडक्याने पुसून त्याच दिवशी प्रायमर द्यावा. प्रायमर वाळल्यावर खिळ्यांची भोके व भेगा लुकणाने भराव्यात. खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून लुकण घरीही होते. मात्र ते घट्ट होण्यास आठवडाभर लागतो. आधी प्रायमर न दिल्यास कोरडे लाकूड त्यातील तेल शोषून घेते व लुकण सुटते. नंतर हलके घासून, धूळ पुसून ऑइलपेंटचे दोन पातळ हात द्यावेत. दोन हातांमध्ये एक दिवसाचे अंतर ठेवावे. पल्ल्याची खालची कड विसरू नये. लाकूड तेथूनच जास्त पाणी पिते.

दक्षता : जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात. घरात कापूस साठवलेला असताना हा धोका मोठा आहे. चिंध्या बाहेर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. रंग कालवण्यास कीटकनाशकाचे रिकामे डबे कदापि वापरू नयेत. फवारणीच्या विषबाधेने 2017 मध्ये या जिल्ह्यात शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरून चालणार नाही.

दरवर्षी पावसाळ्यापूर्वी चौकटी तपासून सुटलेल्या जागी लगेच हात मारल्यास संपूर्ण रंगकामाचा खर्च बराच पुढे ढकलता येतो.