वाटेत गारपिटीनं गाठलं तर?

प्रश्न : कामासाठी अहमदपूरहून नांदेडला रोज मोटारसायकलनं जातो. मार्च-एप्रिलमध्ये वाटेत गारा सुरू झाल्या तर झाडाखाली थांबावं का?
– एक वाचक, जि. लातूर

उत्तर : झाडाखाली मुळीच थांबू नका. गारा ज्या ढगातून पडतात, त्यातूनच वीज कोसळते आणि ती उंच झाडावर पडण्याचा धोका मोठा. रानातली उघडी पत्र्याची शेडही भरवशाची नाही. गाडी कडेला लावा, हेल्मेट डोक्यावरच राहू द्या आणि पक्क्या घरात, दुकानात किंवा काचा लावलेल्या चारचाकीत आसरा घ्या. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तरी हलू नका. लोक इथंच घाई करतात. शिवाय रस्त्यावर गारांचा थर असला की चाक घसरतं.

आपल्याकडे गारपीट बहुधा दुपारनंतर होते. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढून ढग उंच वाढतात. म्हणून बँक, बाजार, तहसीलची कामं सकाळीच उरका. 2014च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाडा विसरलेला नाही. काढणीला आलेला गहू-हरभरा डोळ्यांदेखत झोडपला गेला.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप जवळच्या विजांचा इशारा देतं. ते आजच मोबाइलवर घ्या, घरच्यांनाही घ्यायला सांगा.