गालिचा आधी उलटा करा

गालिच्याचं खरंखोटं त्याच्या पाठीवर कळतं, आणि विकणारा बहुतेकदा तीच बाजू दाखवायचं टाळतो. श्रीनगरला आम्हाला ‘हातगाठीचा काश्मिरी’ म्हणून दिलेला गालिचा मुंबईचे दोन-तीन पावसाळे खाऊन झाल्यावर पिवळट भुकटी गाळू लागला. रबराचा कुबट वास खोलीभर. मागचं कापड उसवलं तर आत लॅटेक्सचा सुकून तडकलेला थर निघाला, गाठ एकही नाही. बंदुकीसारख्या यंत्रानं कापडात लोकर टोचायची, मागून लॅटेक्स फासायचं, ते झाकायला वर दुसरं कापड चिकटवायचं. असा स्वस्त माल जरूर विकावा; पण तो गाठींच्या भावानं विकणं ही कारागिराच्या पोटावर मारलेली लाथ आहे.

कारण त्या गाठी कशा पडतात ते बघा. काश्मिरी मागावर नक्षीचं चित्र समोर नसतं. असते ‘तालीम’: कागदाच्या अरुंद पट्टीवर खुणांच्या लिपीत लिहिलेलं, कुठल्या रंगाच्या किती गाठी. एकजण ती वाचतो, बाकीचे ताण्याच्या दोन उभ्या धाग्यांभोवती गाठ मारतात आणि धागा कापतात. ओळ भरली की आडवा धागा, म्हणजे बाणा, घालून पंज्यानं ठोकायचं. चौरस इंचाला 324 गाठी धरल्या तर चार बाय सहा फुटांच्या गालिच्यात अकरा लाखांहून जास्त होतात. महिनेच्या महिने जातात त्यात.

म्हणून गालिचा उलटा कराच. पाठीवर तीच नक्षी गाठीगाठीनं स्पष्ट दिसली पाहिजे. कापड चिकटवलेलं असेल तर तो हातगाठीचा समजू नका. टोकाची झालर म्हणजे ताण्याचेच सुटे धागे. वेगळी शिवलेली दिसली तर शंका घ्या. रेशीम म्हणून व्हिस्कोस हा कृत्रिम धागा सर्रास खपवतात. विचारून एखादा धागा उपसून जाळा: रेशमाला केस जळाल्याचा वास येतो, व्हिस्कोसला कागदाचा. व्हिस्कोसवर पाणी सांडलं की लव बसते, पिवळे डागही पडतात, तेव्हा ही परीक्षा चुकवू नका.

काश्मिरी हातगाठीच्या गालिच्यांना जीआय मानांकन आहे; क्यूआर कोडचं लेबल मागा. आणि बिलावर ‘हातगाठीचा’ हा शब्द, धाग्याचा प्रकार नि चौरस इंचातल्या गाठी लिहून घ्या. विक्रेता कां कू करू लागला, तर पैसे न काढता दुकानाबाहेर पडा.