‘म्हणजे’, ‘उदा.’ आणि ‘वगैरे’

गेल्या वर्षीची गोष्ट. सोमवारी प्रोजेक्टचा डेमो होता. शनिवारी आमचा ज्युनिअर सामानाची यादी घेऊन अंधेरीहून लोकलने ग्रँट रोडला उतरला आणि लॅमिंग्टन रोडला गेला. यादीत माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : ‘कपॅसिटर, आय. ई. १०, २२, ४७ मायक्रोफॅरॅड’. पठ्ठ्या नेमके तेवढेच घेऊन आला. पॉवर सप्लायला लागणारा १००० चा नव्हताच! मी आवाज चढवला, तर म्हणतो, "दादा, आय. ई. म्हणजे ‘म्हणजे’ ना? मग म्हणजे एवढेच!"

रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद. शेवटी एका जुन्या बोर्डावरचा कपॅसिटर सोल्डर काढून सोडवला. चूक त्याची नव्हतीच. त्या रात्री मी डिक्शनरी घेऊन बसलो.

मित्रांनो, इंग्रजीतली ही टिकलीएवढी अक्षरं मूळची लॅटिन आहेत. युरोपात कित्येक शतकं विद्वानांची भाषा लॅटिन होती. न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’ (१६८७) लिहिला तोही लॅटिनमध्येच. ती भाषा मागे पडली, पण तिची संक्षिप्त रूपं राहिली. आपल्याकडे हेच फारसीचं झालं. दरबारी लिखाणातून ‘मजकूर’, ‘ताजा कलम’, ‘वगैरे’ हे शब्द मराठीत आले ते कायमचेच. म्हणून घोकंपट्टी नको, नुसती जोडी लावा.

१) ई. जी. : ‘एक्झेम्प्लाय ग्राशिया’, म्हणजे उदाहरणादाखल. आपलं ‘उदा.’. यादी अपुरी असते, आणखी वस्तू असू शकतात.

२) आय. ई. : ‘इड एस्ट’, शब्दशः ‘ते आहे’. आपलं ‘म्हणजे’. यापुढे जे लिहाल तेवढंच, त्याबाहेर काही नाही. माझा कपॅसिटर इथेच अडकला.

३) ई. टी. सी. : ‘एट सेटेरा’. ‘एट’ म्हणजे आणि, ‘सेटेरा’ म्हणजे बाकीच्या गोष्टी. गंमत बघा, ‘वगैरे’तला ‘व’सुद्धा ‘आणि’च! त्यामुळे ‘अँड एटसेट्रा’ म्हटलं की ‘आणि’ दोनदा येतो. उच्चार ‘एक्सेट्रा’ नाही, त्यात ‘क्स’ कुठेच नाही. आणि ई. जी.ने सुरू केलेल्या यादीच्या शेवटी हे लावायची गरज नसते. यादी अपुरी आहे हे आधीच सांगून झालेलं असतं.

४) एट अल. : ‘आणि इतर’. आपल्या भाषेत ‘आणि मंडळी’. हे माणसांसाठी. पेपरचे लेखक पाच असले की पहिल्याचं नाव आणि पुढे एट अल. टिंब ‘अल’नंतरच द्यायचं, कारण ‘एट’ हा पुरा शब्द आहे.

५) ए. एम., पी. एम. : ‘मेरिडिएम’ म्हणजे मध्यान्ह, ‘आँटे’ आधी, ‘पोस्ट’ नंतर. घोळ होतो तो बाराला. घड्याळाच्या रिवाजाने १२ ए. एम. म्हणजे मध्यरात्र. ‘१५ तारीख, १२ ए. एम.’ ही मुदत १४ ची रात्र संपताच संपते! पंधराच्या रात्री फॉर्म भरू म्हणणारा गेला कामातून. नोटीस लावणाऱ्यांना विनंती, ‘१४ तारीख, रात्री ११:५९’ असं लिहा.

६) व्हायवा व्होसी : ‘जिवंत आवाजाने’. म्हणजे तोंडी. एक्स्टर्नलसमोर आपला आवाज जिवंत राहत नाही, तो भाग वेगळा.

थोडक्यात युक्ती अशी, की लॅटिन अक्षरांच्या जागी मराठी शब्द ठेवून वाक्य मोठ्याने वाचा. खटकलं तर अक्षरं चुकली.

मी आमच्या रिपोर्टचं आभाराचं पान असंच वाचून पाहिलं. लिहिलं होतं, ‘गाईड, एचओडी, लॅब असिस्टंट, ई. टी. सी.’ मराठीत वाचलं आणि लाज वाटली. ज्या काकांनी डेमोच्या आदल्या रात्री आठपर्यंत लॅब उघडी ठेवली, सोल्डरिंग आयर्न दिलं, त्यांचं नावसुद्धा नाही. आणि ज्याने लोकलच्या गर्दीतून सामान आणलं तो ज्युनिअर तर ‘वगैरे’मध्ये! पान पुन्हा छापलं, दोघांची नावं पूर्ण घालून.

ता. क. (म्हणजेच पी. एस., ‘पोस्ट स्क्रिप्टम’, नंतर लिहिलेलं) : यंदाच्या फायनल इयरवाल्यांनो, रिपोर्ट बाइंडिंगला देण्याआधी तुमचंही आभाराचं पान एकदा मराठीत वाचून बघा.