खडूचा तुकडा

१८६८ सालीं इंग्लंडांतील नॉर्विच शहरीं प्राणिशास्त्रज्ञ थॉमस हक्स्ले यांनीं कामकरी लोकांस पृथ्वीचा प्राचीन इतिहास सांगितला, तो खडूच्या एका तुकड्यावरून. त्या शहराखालीं या मऊ, पांढऱ्या दगडाचे जाड थर आहेत. त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं ठेविला असतां इवल्याइवल्या जीवांचीं कवचें दिसतात. अर्थात् तेथें एके काळीं समुद्र होता व हा त्याच्या तळींचा गाळ होय. जीवाश्मांचीं जडजड नांवें पाठ करविण्यापेक्षां ही रीत आम्हांस फार आवडली, म्हणून आम्हींही वर्गांत खडू उचलून हीच कथा सांगितली. एका विद्यार्थ्यानें तोच तुकडा कुटून सूक्ष्मदर्शकाखालीं धरला.

"सर, यांत कवच एकही नाहीं!"

फळ्याचे खडू बहुधा जिप्समचे असतात, हें आम्हीं ध्यानांतच घेतलें नव्हतें.