काटा आणि सुतळी

कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. शाहू महाराजांनी पैलवानांना आसरा दिला. १९१२ साली खासबागेचे मैदान बांधून दिले. आजही खेड्यापाड्यांतली पोरे वळकटी घेऊन कोल्हापूरच्या तालमीत येतात. घरचे लोक पोटाला चिमटा घेऊन त्यांच्या खुराकाला पैसे धाडतात.

पण तालीम कधी कधी सुटते. कुणाचा गुडघा दुखावतो. कुणाला घरची शेती ओढून नेते. २०२० साली तर करोनाची साथ आली. मार्चमध्ये तालमींना कुलपे लागली. जोतिबाची चैत्र यात्राही भरली नाही, मग गावची मैदाने कुठली? पोरे गावाकडे परतली.

मेहनत सुटली, पण भूक काही सुटत नाही. तूप तेच, दूध तेच. दंड आणि मांड्या उतरतात, पोट पुढे येते. काट्यावर उभे राहावे, तर वजन पहिल्याइतकेच! घरचे म्हणतात, "पैलवान अजून अंग धरून आहे." पण हौद्यात उतरला की दोन मिनिटांत दम लागतो. असे का बरे?

काटा फक्त वजन सांगतो. त्यात मांस किती आणि चरबी किती, हे तो सांगत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी ५७ किलोंच्या गटात कांस्यपदक जिंकले. वजन म्हणजे ताकद नव्हे, हे यावरून दिसते.

चरबीचे मांस होत नाही. चरबी झडावी लागते आणि मांस नव्याने भरावे लागते. पण घाबरू नका. माळरान पहिल्यांदा फोडताना बैलांचा जीव जातो. तेच रान दोन वर्षे पड राहिले, तरी पुन्हा नांगरणे सोपे जाते. शरीराचेही तसेच आहे. एकदा कमावलेले अंग पहिल्यापेक्षा लवकर परत येते. म्हणूनच पुन्हा सुरुवात करणाऱ्याची चरबी झडते आणि त्याच वेळी मांसही भरते. त्यासाठी तीन गोष्टी सांभाळाव्यात.

मेहनत. पहिल्या आठवड्यात जोर-बैठका पूर्वीच्या पाव हिश्श्याइतक्याच काढा. मग दर आठवड्याला थोड्या थोड्या वाढवा. स्नायू लवकर तयार होतात, सांधे उशिरा. म्हणून जोराची लढत मागाहून. "पूर्वी हजार मारत होतो" म्हणून पहिल्याच दिवशी हजार बैठका मारू नका. त्याने स्नायू फुटतात आणि मूत्रपिंडे बिघडू शकतात. लघवी काळ्या चहासारखी झाली, तर तडक दवाखाना गाठा.

खुराक. अंग भरायला प्रथिने लागतात. ती दूध, डाळ, अंडी यांत असतात. शरीराच्या दर किलोला दीड ग्रॅम प्रथिने धरा. ८० किलोंच्या गड्याला १२० ग्रॅम झाली. हिशेब पाहू या :

एक लिटर दूध – सुमारे ३५ ग्रॅम
चार अंडी – २४ ग्रॅम
१०० ग्रॅम कोरडी डाळ – २२ ग्रॅम
चार मोठ्या भाकरी – ४० ग्रॅम

एकूण १२१. अंडी न खाणाऱ्याने १०० ग्रॅम मटकी खावी. मग कमी काय करायचे? तूप आणि साखर. शंभर ग्रॅम तुपात अडीच भाकरींइतके बळ असते. मेहनत थोडी असताना तेच पोटावर साठते. दुधावरची साय काढून घ्या, थंडाईत साखर घालू नका. मात्र उपाशी राहू नका, नाही तर चरबीबरोबर मांसही झडेल. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. झटपट अंग भरणारी इंजेक्शने कुणी देऊ केली, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

झोप. दिवसभर मोडलेले अंग रात्री सांधते. सात-आठ तास झोप हवीच.

आता फरक कसा ओळखावा? घाम गाळून वजन उतरते खरे, पण ते पाणी असते. तांब्याभर पाणी प्यायले की परत येते. आम्ही साधा उपाय सांगतो. एक सुतळी घ्या. बेंबीवरून कमरेभोवती गुंडाळा आणि गाठ मारा. दुसरी सुतळी दंडाला. दर रविवारी सकाळी पुन्हा मोजा. कमरेची सुतळी सैल होत गेली, दंडाची घट्ट होत गेली आणि जोर वाढले, तर तुमचे बरोबर चालले आहे. मग काटा जागचा हलला नाही, तरी मन खट्टू करू नका.

घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन पाठवलेले दूध असे सत्कारणी लागते.

विचार करा आणि सांगा :
१. वजन तेवढेच राहिले, तरी पैलवानाला दम का लागतो?
२. पहिल्याच दिवशी हजार बैठका का मारू नयेत?
३. तुमच्या घरच्या जेवणात प्रथिने कशाकशात आहेत?