आधी सांभाळणारीकडे बघा

प्रकल्पाचा आराखडा लिहायला बसण्याआधी एखाद्या वाडीत दिवेलागणीला जाऊन या. सकाळी दहाला गेलात तर स्मृतिभ्रंश झालेली आजी तुमच्याशी गोड बोलेल, चहा घ्या म्हणेल, आणि या घरात काही बिघडलंय हे तुमच्या लक्षातही येणार नाही. ऊन उतरलं की तीच आजी दाराच्या कडीशी झटापट करू लागते. "माका घराक जावचा आसा," म्हणते, आणि उभी असते ती तिच्याच घरात, जन्मभर जे खळं सारवलं त्याच्या तोंडाशी. सून चुलीवरचा भात तसाच टाकून मागे धावते. मुलाचा अभ्यास राहतो. नवरा बंदरावर, दीर मुंबईला. तो एक तास डोळ्यांनी बघितल्याशिवाय प्रकल्प कुणासाठी करायचा हे कळत नाही.

माझी आरोग्यसेविकेची नोकरी मालवणच्या याच किनाऱ्यावर गेली. आचरा, तळाशील, वायरी, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यातली घरं मी आतून बघितली आहेत. आता तुम्ही मुलं स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी हौसेने काही करू बघताय, मला विचारायला येताय, याचा मला फार आनंद आहे. म्हणूनच जे उपयोगी पडतं ते स्पष्ट सांगते.

रुग्णासाठी काय करायचं याची यादी तुमच्याकडे तयार असते. ती बाजूला ठेवा आणि आधी सांभाळणारीकडे बघा. ती बहुतेक वेळा सून असते, कधी माघारी आलेली मुलगी, आणि आपल्याकडे पुष्कळदा सत्तरीची बायको पंचाहत्तरीच्या नवऱ्याला सांभाळत असते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत सिंधुदुर्गची लोकसंख्या वाढली नाही, उलट ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. तरुण मुंबई-गोव्याला गेले, घरं म्हाताऱ्यांच्या हवाली राहिली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज निघाला. देशभरात मिळून सुमारे ८८ लाख माणसं. शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. म्हणजे साठी ओलांडलेली शंभर माणसं जिथे आहेत, त्या वाडीत सहा-सात घरांत हे चाललेलं असणार. तुम्हाला मात्र एकच घर सांगतील, कारण बाकीच्या घरांत त्याला म्हातारचळ म्हणून सोडून दिलेलं असतं.

बांद्याच्या पलीकडे, गोव्यात, हे काम कसं करावं ते करून दाखवलेलं आहे. डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दोन तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांबरोबर केलेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात कुठली इमारत नव्हती की यंत्र नव्हतं. स्थानिक भाषा बोलणाऱ्या, जेमतेम बारावी झालेल्या माणसांना प्रशिक्षण दिलं. ती सहा महिने, निदान पंधरवड्यातून एकदा, घरी जात राहिली. आजार समजावून सांगायचा, रुग्ण चिडला तर काय करायचं ते दाखवायचं, घरातल्या इतरांना कामाचा वाटा उचलायला लावायचं, सरकारी योजनेचा कागद कुठे मिळतो ते सांगायचं आणि गरज पडेल तिथे डॉक्टरशी गाठ घालून द्यायची. सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण स्पष्टपणे कमी झालेला दिसला. रुग्णाच्या वागण्यात मात्र ठामपणे सांगावा असा फरक पडला नाही. हे दुसरं वाक्य तुमच्या आराखड्यात पहिल्या पानावर लिहा. आजार मागे फिरवण्याचं वचन कुणाला देऊ नका. पैसे देणाऱ्यांना नको आणि घरच्यांना तर मुळीच नको. सुनेला आठवड्यात किती रात्री सलग झोप मिळाली, ती किती वेळा बाजाराला किंवा माहेरी जाऊन आली, हे मोजा. त्यात फरक पडत असेल तर काम नीट चाललंय.

आता वर्षाचा हिशेब. शहरातली संस्था एप्रिल ते मार्च बघते, किनाऱ्याला ते लागू पडत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, बापये घरी असतात. त्यांना बसवून काही शिकवायचं तर हेच दिवस. त्याच दिवसांत आतल्या गावांत मात्र लावणी चालू असते, तिथल्या बाईला उसंत नसते. नारळी पौर्णिमेनंतर मच्छीमार तुमच्या हाती लागणार नाहीत. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी तारकर्ली-देवबागच्या घरांना सगळ्यात कठीण. पर्यटक उतरतात, घर माणसांनी भरतं, आणि म्हाताऱ्याची खोली पाहुण्यांना देऊन त्याला मागच्या पडवीत हलवलेलं असतं. ज्याला स्वतःच्या घरातली न्हाणी जेमतेम आठवते त्याची बाज हलवली की तो रात्री भलत्याच दारातून बाहेर पडतो. घरच्यांना दोष देऊ नका, त्या खोलीवर त्यांचं वर्ष चालतं. हंगामाआधी त्यांच्याशी बसून ठरवा की खोली द्यायचीच असेल तर त्याची बाज, कंदील, देवाची तसबीर सगळं महिनाभर आधी नव्या जागी न्या, आणि हंगाम संपला तरी तिथेच राहू द्या. प्रकल्पाची मदतनीस बाईही याच दिवसांत जास्त तास द्या. जानेवारीत दिलेल्या चार तासांपेक्षा मे महिन्यातले दोन तास जास्त उपयोगी पडतात.

चतुर्थीला चाकरमानी येतात. वर्षानंतर बापाला बघितल्यावर मुलग्याला धक्का बसतो, कारण रोज बघणाऱ्याला जे जाणवत नाही ते त्याला एकदम दिसतं. मग तो वहिनीला विचारतो, "तुम्ही लक्ष देत नाही काय?" त्या बाईचं काय होत असेल ते तुम्हीच समजा. म्हणून गणपतीच्या पाच-सात दिवसांत घरोघरी बैठक लावा. भाऊ, बहिणी, जावई, सगळे माटवीखाली बसलेले असतात तेव्हाच औषधाचे पैसे कोण देणार, मे महिन्यात पंधरा दिवस कोण येऊन राहणार, हे लिहून घ्या. फोनवर हे कधीच ठरत नाही. एखाद्या रात्री देवळाच्या सभामंडपात सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' दाखवा. डॉ. मोहन आगाशे यांनी त्यात विसर पडत चाललेल्या संस्कृत पंडिताचं काम केलंय. तो हत्तीच्या मागे निघून जातो, त्याची गोष्ट. दोन तासांच्या व्याख्यानाने जे होत नाही ते या चित्रपटाने होतं. फक्त रुग्णांना पुढे बसवू नका.

हरवण्याबद्दल सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे बिनकठड्याच्या विहिरी आहेत, व्हाळ आहेत, खाडी आहे आणि समोर दर्या आहे. वाडीचा नकाशा काढा आणि त्यावर पाण्याच्या सगळ्या जागा दाखवा. मग प्रत्येक घरात विचारा: हे माणूस पूर्वी रोज कुठे जायचं? म्हातारी हरवली तर बहुधा माहेरच्या वाटेवर सापडते, म्हातारा होडीच्या जागेवर, जुन्या दुकानाशी किंवा ज्या शेतात राबला तिथे. अशा पाच जागा आणि एक ताजा फोटो पोलीस पाटलाकडे, रिक्षा स्टँडवर आणि एसटीच्या कंट्रोलरकडे आधीच असला पाहिजे. घरच्यांची लेखी संमती घेऊनच, आणि मोबाइलच्या गावभरच्या ग्रुपवर मुळीच नाही. जपानमधल्या ओमुता शहरात लोक हरवल्याची रंगीत तालीम करतात. एकजण हरवलेल्या माणसाचं सोंग घेऊन रस्त्याने फिरतो आणि बाकीचे त्याला ओळखून त्याच्याशी बोलायला शिकतात. आपल्याकडे दशावताराची परंपरा आहे, सोंग घेणारे नट गावोगाव आहेत. त्यांनाच बोलवा. बाजारातल्या मासेवाल्या, रिक्षावाले, शाळेतली मुलं, सगळ्यांना एकच गोष्ट शिकवायची: समोरून जायचं, नाव घेऊन हळू बोलायचं, हात ओढायचा नाही, आणि "तुमचं घर इथे नाही" असा वाद घालायचा नाही. "चल, मी येतंय तुझ्यावांगडा" म्हणून चार पावलं त्याच्याबरोबर चालायचं. मग वळण घेता येतं.

आठवड्यातून एक-दोन दुपारी माणसं एकत्र आणायचा बेत असेल तर जागा नवीन बांधू नका. देवळाचा मंडप, समाजमंदिर, दुपारनंतर रिकामी होणारी अंगणवाडी पुरते. संडास जवळ आहे का आणि पायरी किती उंच आहे तेवढं बघा. आणि रिक्षाचे पैसे अंदाजपत्रकात चहा-नाश्त्याच्या आधी लिहा. उतारावरच्या घरातून म्हातारं माणूस आणणार कोण, याचं उत्तर नसल्यामुळे चांगली केंद्रं ओस पडलेली मी बघितली आहेत.

तिथे आलेल्यांच्या हातात लहान मुलांची चित्रं रंगवायला देऊ नका. ज्यांनी संसार चालवले, होड्या हाकल्या, त्यांना ते लागतं. चुडताची झापं विणणं, हीर काढून केरसुणी बांधणं, अबोलीचा वळेसार, मे महिन्यात कोकमं फोडणं, ही कामं हाताला येतात. एका तांडेलाला मुलाचं नाव आठवत नसे. जाळ्याची सुई हातात दिली तर तो नुसता बघत बसायचा. शेजारी बसून पहिली गाठ कुणीतरी मारून द्यायची, की मग दोन बोटांवर माप घेत तो ओळीच्या ओळी विणायचा, आणि डोळ्यांचा आकार कुठेही चुकायचा नाही. कडेला आला की पुन्हा अडायचा, तिथे वळवून द्यायचं. तेव्हा शेजारी बसणारा माणूस हाच तुमचा खरा खर्च. आणि विणलेलं त्याच्यादेखत कधी उसवू नका. रापणीच्या दोराला हात लावणाऱ्या म्हाताऱ्यालाही थोडी मासळी मिळते, तसं केलेल्या कामाचं काहीतरी घरी न्यायला द्या. भजनाचं तर सांगायलाच नको: बोलणं संपलेली माणसं गजर सुरू झाला की टाळ धरतात.

प्रत्येक विसरणं स्मृतिभ्रंश नसतं हे तुमच्या मदतनिसांना पाठ करायला लावा. बी-१२ कमी असणं, थायरॉइड, उदासीनता, दारू, झोपेच्या गोळ्या, वाढलेला मोतीबिंदू, कमी ऐकू येणं, यांनीही माणूस हरवल्यासारखं वागतं, आणि यातलं बरंच उपचाराने सुधारतं. दोन-तीन दिवसांत अचानक बरळायला लागलं तर ते बहुधा लघवीचं इन्फेक्शन, शरीरातलं सोडियम उतरणं किंवा पावसाळ्यातला ताप असतो. लेप्टो आपल्याकडे नवीन नाही. तिथे घरभेट नको, तडक डॉक्टर. पडल्यानंतर काही आठवड्यांनी बदल दिसला तर डोक्याचं स्कॅन करून घ्यायला सांगा. ओरोसच्या किंवा गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जायचं तर आधी तारीख विचारून, जुनी सगळी औषधं पिशवीत घालून न्या. तपासणीचे प्रश्न शाळा शिकलेल्यांसाठी बनवलेले असतात. अक्षरं उलटी म्हणा, वजाबाकी करा. न शिकलेली आजी त्यात नापास होते आणि तिला उगाच रोगी ठरवतात. हरियाणातल्या बल्लभगढच्या अभ्यासकांनी १९९५ साली निरक्षरांसाठी वेगळी हिंदी चाचणी तयार केली ती याच अडचणीमुळे. तुम्ही घरी विचारताना तिथी विचारा, पुढची जत्रा कुणाची ते विचारा, सोलकढीत काय काय घालतात ते विचारा. त्याने निदान होणार नाही, पण डॉक्टरला सांगण्यासारखं बरंच कळेल.

कौल लावायला, गाऱ्हाणं घालायला घरचे जाणारच. त्यांच्याशी भांडू नका. गुरवाला आणि मानकऱ्यांना पहिल्या प्रशिक्षणाला बोलवा. देवळातून "औषध बंद करू नको" एवढं सांगितलं गेलं तरी तुमचं निम्मं काम होतं.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र कडक राहा. किनाऱ्यालगतच्या जमिनीला भाव आलाय आणि सामायिक सातबाऱ्यावर विसरत्या म्हाताऱ्याचं नाव असतं. प्रकल्पातल्या कुणीही कुठल्याही खरेदीखताला, मृत्युपत्राला, कुलमुखत्यारपत्राला साक्षीदार म्हणून सही करायची नाही. हे लेखी नियमात घाला. आजार सुरुवातीलाच कळला तर बँकेचं नामनिर्देशन, पेन्शनचं खातं, हयातीचा दाखला ही कामं माणसाला समजतंय तोवर, त्याच्या मर्जीने, वकिलाला विचारून उरकायला घरच्यांना सांगा.

आशाताईला फुकटची नवी वही देऊ नका. तिच्याकडे आधीच पुरेशा वह्या आहेत. घर दाखवून दिल्याचे आणि भेटीचे पैसे ठरवून द्या, नाहीतर बचतगटातली एखादी बाई नेमा. ती शक्यतो अशी बघा की जिने सासू किंवा आई अशीच सांभाळली आहे. एका वर्षाचा निधी मिळत असेल तर एकच वाडी घ्या. हा आजार आठ-दहा वर्षं चालतो. दहा गावांत वर्षभर जाऊन नंतर थांबण्यापेक्षा तीच रक्कम एका वाडीत तीन वर्षं पुरवा. रात्री-बेरात्री बाईला कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक घराच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, तिथे मराठीत बोलता येतं. वृद्धांच्या इतर अडचणींसाठी १४५६७.

आणि रुग्ण गेल्यावर भेटी लगेच बंद करू नका. बारावं-तेरावं झालं, पाहुणे पांगले की सून एकटी पडते. वर्षानुवर्षं रात्री जागायची सवय लागलेली असते, तिला झोप येत नाही. तीन महिने तरी पंधरवड्याची भेट चालू ठेवा, आणि त्याचे पैसे पहिल्याच अंदाजपत्रकात धरा, नंतर कुणी देत नाही.