किनाऱ्यावरच्या बागेआधी पुरातत्त्वीय पाहणी कशाला?

प्रश्न : रेवदंड्याच्या किनाऱ्यालगत सार्वजनिक बागेचं नूतनीकरण व्हायचं आहे. ठेकेदार म्हणतो, खाली नुसती वाळू आहे. तरीही पाहणी हवी का?

उत्तर : हवीच, आणि जेसीबी येण्याआधी हवी. चौल-रेवदंडा हे सातवाहनकाळापासूनचं बंदर. ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक सागरप्रवास-ग्रंथात त्याचा उल्लेख आहे, डेक्कन कॉलेजने इथे उत्खननही केलं आहे. वरच्या वाळूवरून खालचं काही ठरत नाही.

पुरातत्त्वज्ञ आधी जुने नकाशे पाहतात, मग जमिनीवरून रांगेने चालतात. खापरं मिळाली तर त्यांच्या कडा बघतात. गुळगुळीत झिजलेली खापरं बहुधा लाटांनी आणलेली. कडा धारदार असतील तर मूळ थर जवळच असण्याची शक्यता मोठी. त्यानंतर चाचणी खड्डे, साधारण मीटरभर लांबीरुंदीचे. माती थराथराने काढून चाळायची, प्रत्येक थराची नोंद आणि छायाचित्र ठेवायचं. हे खड्डे जिथे खरोखर खोदकाम होणार तिथेच हवेत : शौचालयाची टाकी, दिव्यांचे खांब, गटार, मोठी झाडं. काही सापडलं तर बहुतेकदा बाग रद्द करावी लागत नाही, गटार चार हात सरकवलं की भागतं. म्हणूनच आराखडा पक्का होण्याआधी पाहणीचा आग्रह धरा.

केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध आहे. पुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. आराखड्यावर ही अंतरं आधी आखून घ्या. काम सुरू असताना नाणी किंवा मूर्ती निघाली तर तिथलं खोदकाम थांबवून जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. वस्तू जागेवरून हलवू नका.